चिठ्ठी खाऊन टाकणारा दगड

गेल्या आठवड्यात कपाटाचा सर्वांत खालचा खण आवरताना पुठ्ठ्याचे एक जुने खोके हाती आले. आत कशाचा नमुना आहे हे चिठ्ठीवरून कळेल असे वाटले होते, परंतु चिठ्ठीचा मधला भागच नाहीसा झाला होता. उरलेल्या कडा तपकिरी पडून इतक्या ठिसूळ झाल्या होत्या की बोट लागताच त्यांचा भुगा झाला. खोक्याच्या तळाला भोक पडले होते, खालच्या वहीच्या पुठ्ठ्यावर पिवळट डाग उमटला होता, आणि मूळचा गुळगुळीत, कोळशासारखा काळा तुकडा पापुद्र्यापापुद्र्याने सुटून त्यावर भिंतीला लोणा लागावा तसा पांढुरका-पिवळसर थर आला होता. वास काडेपेटीची काडी नुकतीच विझल्यासारखा, किंचित नाकात चढणारा होता.

चिठ्ठी नसली तरी तुकडा मी ओळखला. स्वीडनमध्ये काम करीत असताना वेस्टरयॉटलंड भागातील एका कोअरचा, म्हणजे जमिनीत भोक पाडून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाचा, विश्लेषण संपल्यावर उरलेला हा काप होता. मायदेशी परतताना आठवण म्हणून तो आणला आणि पुण्यातील दमट हवेत सहा पावसाळे तसाच उघडा ठेवला. ज्या माणसाने काळ्या शेलच्या, म्हणजे पापुद्र्यापापुद्र्याच्या गाळाच्या खडकाच्या, भू-रसायनशास्त्रावर काही वर्षे घालवली त्याने असे करावे, ही लाज वाटण्याजोगीच गोष्ट आहे. पायराइट (लोह आणि गंधक यांचे खनिज) असलेले जीवाश्म कोरड्या हवेत ठेवावेत, नाहीतर ते चिठ्ठीसकट स्वतःलाही खाऊन टाकतात, हे संग्रहालयात काम करणाऱ्या कोणालाही विचारले तरी कळते.

या खडकाचे नाव ॲलम शेल, म्हणजे सरळ मराठीत तुरटीचा शेल. मध्य कँब्रियन ते आरंभीचा ऑर्डोव्हिशियन या काळात, म्हणजे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे, आजचा स्वीडन, नॉर्वेचा ऑस्लो परिसर आणि डेन्मार्कचे बॉर्नहोल्म बेट ज्या उथळ, शांत समुद्राखाली होते त्याच्या तळाशी हा गाळ साचला. आपल्याकडे काळा दगड म्हटले की बेसॉल्टच डोळ्यांसमोर येतो. परंतु बेसॉल्टचा काळेपणा त्यातील लोहयुक्त खनिजांचा असतो, तर या शेलचा काळेपणा मुख्यतः कार्बनचा. त्या काळी जमिनीवर झाडे नव्हती, तेव्हा हा सर्व कार्बन समुद्रातील शैवाल आणि जीवाणू यांच्यापासून आलेला. काही थरांत सेंद्रिय कार्बनचे प्रमाण वजनाने २० टक्क्यांच्याही वर जाते. अशा थराचा ताजा तुकडा हातात घेतला तर तो दगडाच्या मानाने हलका लागतो, आणि शेलमध्ये असलेले चुनखडीचे काळे गोळे हातोड्याने फोडले तर रॉकेलसारखा दर्प येतो. १९७०च्या दशकात क्लाउस म्युलर या जर्मन जीवाश्मतज्ज्ञांना अशा गोळ्यांतूनच, सौम्य आम्लात ते विरघळवल्यावर, पाय आणि मिशा शाबूत असलेले मिलिमीटरभर लांबीचे संधिपाद प्राणी मिळाले. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

गाळ साचण्याचा वेग मात्र इथेच सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. वेस्टरयॉटलंडमध्ये या शेलची जाडी वीसेक मीटर आहे आणि तेवढ्यात ढोबळमानाने दोन कोटी वर्षे सामावलेली आहेत. म्हणजे एका मिलिमीटरला हजार वर्षे. माझ्या खोक्यातील अंगठ्याएवढ्या रुंदीच्या कापात वीस हजार वर्षांचा समुद्र दाबून बसला होता, आणि मी तो वहीवर सांडू दिला.

आता तुरटीकडे वळतो, कारण खोक्यात जे घडले तेच स्वीडनच्या दक्षिणेकडील स्कोने प्रांतातील आंद्रारुम येथे लोकांनी पावणेतीनशे वर्षे मुद्दाम घडवून आणले. योकुम बेक या सरदाराने १६३७ मध्ये तिथे तुरटीचा कारखाना काढला. तेव्हा तो प्रांत डेन्मार्कच्या ताब्यात होता. पुढे १७२५ मध्ये क्रिस्टिना पीपर या कर्तबगार बाईने तो विकत घेऊन भरभराटीला आणला, आणि १९१२ मध्ये तो बंद पडला. कापडाचा रंग पक्का बसावा आणि कातडे कमावता यावे यासाठी तुरटी लागे. आपल्याकडे ती न्हाव्याच्या पेटीत आणि पावसाळ्यातील गढूळ पाण्याच्या हंड्यात असे, तशी तिकडे रंगाऱ्याच्या कढईत.

तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचे जोडसल्फेट. शेलमध्ये ती तयार स्वरूपात नसते, पण तिचे सगळे जिन्नस असतात. पायराइट हे लोह आणि गंधक यांचे संयुग हवा आणि पाणी मिळताच ऑक्सिडीकरण पावते व त्यातून गंधकाम्ल तयार होते. ते आम्ल शेजारच्याच चिकणमातीच्या खनिजांवर तुटून पडते आणि त्यांतील ॲल्युमिनियम व पोटॅशियम सोडवून घेते. कारखान्यात हे काम लवकर व्हावे म्हणून शेलचे ढीग भाजत, आणि गंमत अशी की त्यासाठी जळण बहुतांशी शेलच पुरवी. भाजलेली राख पाण्यात भिजवून, ते पाणी दिवसेंदिवस आटवून आणि थंड करून स्फटिक मिळवीत. कार्बन जळून गेलेला आणि लोह गंजलेला हा शेल विटेसारखा लाल होतो. आंद्रारुमला त्या लाल राखेच्या टेकड्या आजही उभ्या आहेत. माझ्या खणात भट्टी नव्हती, परंतु पुण्याचा जुलै होता. मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे पायराइटचे कण असतील तर तेवढे पुरते. पांढरट थर जिभेला लावून तुरट लागतो का ते पाहण्याचा मोह झाला होता. त्या शेलमध्ये आणखी काय असते हे ठाऊक असल्याने तो आवरला.

आणखी काय असते, याकडे येण्यापूर्वी एक जुना वाद. शेल काळा का होतो? एका बाजूचे म्हणणे असे की तळाच्या पाण्यात ऑक्सिजन नसल्यामुळे मेलेले शैवाल कुजत नाही आणि गाळात टिकते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की वरच्या पाण्यात जीवांचे पीकच इतके अमाप येते की ते कुजवता कुजवता पाण्यातील ऑक्सिजन संपतो. म्हणजे ऑक्सिजनचा अभाव हे कारण नसून परिणाम आहे. १९८० आणि १९९०च्या दशकांत या दोन पक्षांत बरीच शाई सांडली. ॲलम शेलच्या बाबतीत मला तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते : आजूबाजूची जमीन सपाट असल्याने नद्या माती फारशी आणतच नव्हत्या. डाळीत पाणीच कमी घातले तर ती दाट होणारच, मग डाळ मूठभर असो की पायलीभर. कार्बनची टक्केवारी पाहून समुद्रात जीवांची रेलचेल होती असे जे लिहिले जाते, त्यातील निम्मी रेलचेल ही केवळ मातीची टंचाई असावी असे माझे मत आहे.

भू-रसायनशास्त्राची खरी मेजवानी धातूंची आहे. काळ्या शेलमध्ये युरेनियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, निकेल, रेनियम असे धातू साध्या शेलच्या कित्येक पट, काही वेळा शेकडो पट, साठलेले असतात. हे धातू आले समुद्राच्या पाण्यातून, आणि त्यांच्या येण्याची रीत एकसारखी नाही, म्हणूनच त्यांच्यावरून जुन्या समुद्राविषयी काही सांगता येते. मॉलिब्डेनमचे उदाहरण घेऊ. आजच्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते सुमारे १० मायक्रोग्रॅम असते. हे प्रमाण क्षुल्लक वाटले तरी भूकवचातील दुर्मीळता पाहता ते पुष्कळ आहे, कारण ऑक्सिजनयुक्त पाण्यात मॉलिब्डेट हा आयन कशाशी फारसे सख्य करीत नाही आणि लाखो वर्षे पाण्यातच राहतो. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू आला की मात्र चित्र पालटते. मॉलिब्डेटमधील ऑक्सिजनचे अणू एकेक करून गंधकाने बदलले जातात, आणि तयार झालेला थायोमॉलिब्डेट लोहाच्या सल्फाइडला व सेंद्रिय द्रव्याला चिकटून तळाला बसतो. जॉर्ज हेल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे दाखवून दिले आणि त्याला बटणाची उपमा दिली : सल्फाइडचे प्रमाण एका ठरावीक मर्यादेच्या वर गेले की बटण दाबल्यासारखे मॉलिब्डेनम पाणी सोडते.

युरेनियमला सल्फाइडची गरज नसते. ऑक्सिजन संपून लोहाचे क्षपण होऊ लागण्याच्या सुमारासच ते विद्राव्य रूप टाकून गाळात अडकते, आणि हे बहुधा पाण्यात नव्हे तर तळाच्या काही सेंटिमीटर खाली, गाळाच्या छिद्रांतील पाण्यात घडते. त्यामुळे युरेनियम भरपूर पण मॉलिब्डेनम बेताचे असा थर दिसला तर तळाशी ऑक्सिजन नव्हता पण पाण्यात सल्फाइडही नव्हते, असा तर्क करता येतो. दोन्ही भरपूर असतील तर सडक्या अंड्याच्या वासाचे पाणी तळाच्या वरपर्यंत चढले होते असा.

इथपर्यंत सगळे सोपे आहे आणि विद्यार्थी इथेच थांबतात. मीही थांबलो होतो. स्वीडनमधील पहिल्या वर्षी मॉलिब्डेनमचा आलेख खाली घसरलेला दिसला की मी शेजारी पेन्सिलीने ‘ऑक्सिजन वाढला’ असे लिहून टाकीत असे. त्यातील चूक कळली ती आजच्याच काही पाणवठ्यांकडे पाहिल्यावर. काळ्या समुद्रात शेदीडशे मीटरच्या खाली थेट २,२०० मीटरपर्यंत ऑक्सिजन नाही. आज इतका मोठा सल्फाइडयुक्त पाणसाठा दुसरा नाही. नॉर्वेच्या दक्षिणेकडील फ्रामवारेन फ्योर्ड त्याच्यापुढे डबक्यासारखे, पण त्याच्या पाण्यात सल्फाइड काळ्या समुद्राच्या कितीतरी पट. गंधकाच्या बटणाचा हिशेब खरा मानला तर या दोन ठिकाणच्या गाळात मॉलिब्डेनम सर्वांत जास्त असायला हवे. थॉमस अल्जिओ आणि टिमोथी लायन्स यांनी २००६ मध्ये मॉलिब्डेनमचे सेंद्रिय कार्बनशी असलेले गुणोत्तर मांडले, तेव्हा हिशेब उलटा निघाला. प्रत्येक टक्का कार्बनामागे कॅनडातील सानिच या खाडीत सुमारे ४५ पीपीएम (दहा लाख भागांत ४५ भाग) मॉलिब्डेनम, व्हेनेझुएलाजवळच्या कारियाको खोऱ्यात २५, फ्रामवारेनमध्ये ९ आणि काळ्या समुद्रात अवघे साडेचार.

कारण उघड आहे, पण ते पटायला मला वेळ लागला. काळ्या समुद्राचे तोंड अरुंद आहे. तळाशी जेवढे मॉलिब्डेनम बसते तेवढे बाहेरून नव्याने येत नाही, आणि खोल पाणी त्या धातूपुरते रिकामे होते. पंगतीत एखाद्याच्या पानावर किती भात पडला यावरून त्याची भूक ठरवता येत नाही. वाढप्याच्या पातेल्यात किती उरला होता तेही पाहावे लागते. शेलमधील आकडा हा भूक आणि पातेले या दोहोंचा एकत्रित परिणाम असतो.

आणि पातेले एका खोऱ्याचे असते तसे साऱ्या जगाचेही असते. ॲलम शेलचे मोठेपण इथे आहे. कँब्रियनच्या उत्तरार्धात जगभरच्या चुनखडींत कार्बनच्या जड समस्थानिकाचे, म्हणजे त्याच्याच किंचित जड अणूंचे, प्रमाण एकाएकी चढून पुन्हा उतरल्याची नोंद आहे. हा चढ बहुतेक ठिकाणी ओळखता येतो, आणि पुष्कळ सेंद्रिय कार्बन एकाच वेळी गाडला गेल्याचे ते चिन्ह मानतात. २०११ मध्ये बेंजामिन गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंद्रारुमच्याच एका कोअरमध्ये त्या काळातील थर तपासले. गंधकाच्या समस्थानिकांचा आलेखही कार्बनच्या जोडीने वर गेलेला आढळला, म्हणजे जगात पायराइटही त्या वेळी अधिक गाडले जात होते. मॉलिब्डेनम मात्र नेमके त्याच थरांत घसरले होते. माझ्या पेन्सिलीने तिथे ‘ऑक्सिजन वाढला’ असे लिहिले असते. गिल यांचे वाचन नेमके उलटे होते आणि मला तेच बरोबर वाटते : आंद्रारुमच्या तळाशी परिस्थिती होती तशीच सल्फाइडयुक्त राहिली, पण जगात इतरत्र सल्फाइडयुक्त तळांचे क्षेत्र वाढले, पंगतीला नव्या रांगा बसल्या, आणि सगळ्या समुद्राच्या पातेल्यातील मॉलिब्डेनमच आटले. ज्या खोऱ्यात काहीच बदलले नाही त्याच्या गाळात साऱ्या जगाच्या बदलाची नोंद सापडते, यावर विश्वास बसायला तो आलेख स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा लागतो.

स्थानिक परिस्थिती वेगळ्या वाटेने तपासता यावी म्हणून पायराइटचा आकार उपयोगी पडतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या शेलमधील पायराइट मोतीचुराच्या लाडवासारखे दिसते : एकसारख्या आकाराच्या शेकडो बारीक स्फटिकांचा गोल गोळा. पाण्यातच तयार झालेले लाडू लवकर खाली पडतात, त्यांना वाढायला वेळ मिळत नाही, आणि त्यांची सरासरी पाचेक मायक्रोमीटरच्या आसपास राहते. गाळात तयार झालेले आकाराने मोठे आणि एकमेकांपेक्षा बरेच वेगळे असतात. लाडू मोजण्याचे काम कंटाळवाणे असते, एका नमुन्याला अर्धा दिवस सहज जातो, पण वाढप्याच्या पातेल्याचा त्यावर परिणाम होत नाही.

युरेनियमकडे स्वीडनचे लक्ष दुसऱ्या महायुद्धानंतर गेले. वेस्टरयॉटलंडमधील उत्तम थरांत एका टनामागे सुमारे ३०० ग्रॅम युरेनियम असते, आणि त्या थरांत अधूनमधून सापडणाऱ्या, दगडी कोळशासारख्या दिसणाऱ्या ‘कोल्म’ नावाच्या गाठींत त्याच्या दहापट. बिलिंगेन टेकडीच्या पायथ्याशी रान्स्टाड येथे १९६५ ते १९६९ या काळात सुमारे दोनशे टन युरेनियम काढले गेले. जगात त्याहून स्वस्त युरेनियम मिळू लागल्याने काम थांबले. बिलिंगेन, शिन्नेकुले या टेकड्यांचे माथे आपल्या सह्याद्रीतील पठारांसारखे सपाट आहेत, आणि कारणही तशाच जातीचे : गाळाच्या थरांत घुसलेला डोलेराइटचा, म्हणजे बेसॉल्टच्याच जातीच्या खडकाचा, एक कठीण थर वर टोपीसारखा बसला आहे, त्याच्या आडोशानेच खालचा मऊ शेल हिमनद्यांपासून वाचला.

युरेनियमने स्वतःच्या यजमानालाही सोडले नाही. ५० कोटी वर्षे त्याच्या किरणोत्साराचा मारा सोसून शेलमधील सेंद्रिय द्रव्याची रासायनिक घडण बदलली आहे. त्यातील हायड्रोजन घटला आहे, आणि तापवल्यावर त्यापासून जेवढे तेल निघायला हवे तेवढे निघत नाही. ज्या थरात युरेनियम अधिक तिथे हे अधिक. केवळ हायड्रोजनच्या घटीवरून हा खडक किती खोल गाडला गेला होता हे ठरवू जाणारा माणूस चकतो. युरेनियम कमी असलेल्या नेर्के भागातील क्वार्नटॉर्पला युद्धकाळापासून १९६६ पर्यंत शेलपासून तेल काढत. त्या कारखान्याच्या राखेची सुमारे शंभर मीटर उंच टेकडी आतून अजून गरम आहे. उरलासुरला कार्बन तिथे अद्याप धुमसतो आहे. १९२९ पासून १९७५ पर्यंत जळलेला शेल आणि चुना यांपासून हलक्या, निळसर काँक्रीटचे ठोकळे करून लाखो स्वीडिश घरे बांधली गेली. शेलमधील रेडियमही त्यांच्याबरोबर भिंतीत गेले, आणि त्यापासून सुटणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू मोजण्याची वेळ आल्यावर ते लोकांच्या ध्यानात आले.

ऑस्लोमध्ये हाच शेल इमारतींच्या पायाखाली आहे. तिथे त्याच्या काही थरांत पायराइटच्या जोडीला पायरोटाइट हे त्याहून चपळ सल्फाइड असते. पाया खणताना भूजल खाली गेले आणि हवा आत शिरली की आम्ल सुटते, सल्फेटचे स्फटिक वाढून खडक फुगतो, तळघराची फरशी वर उचलली जाते, आणि सल्फेट काँक्रीटला पोखरते. म्हणून तिथे खणलेला पृष्ठभाग फार वेळ उघडा ठेवीत नाहीत आणि निघालेला शेल भराव म्हणून कुठेही टाकू देत नाहीत. भू-रसायनशास्त्राचे जनक मानले जाणारे व्हिक्टर गोल्डश्मिट याच शहरात वाढले, आणि त्यांचा १९११चा प्रबंध याच परिसरातील, शिलारसाच्या उष्णतेने भाजलेल्या गाळाच्या खडकांवर होता.

खडक उघड्यावर आल्यावर सर्वांत आधी जे निघून जाते ते म्हणजे पायराइट, त्याच्या मागोमाग युरेनियम, मॉलिब्डेनम, रेनियम आणि थोडाफार कार्बन. म्हणजे ज्यांच्यावरून समुद्र वाचायचा नेमके तेच. डोंगराच्या कडेला उघड्या पडलेल्या शेलवर विश्लेषण करून मांडलेले आलेख मी म्हणूनच संशयाने पाहतो, मग लेखक कितीही मोठा असो. निळसर-काळा रंग जाऊन खडक राखी दिसू लागला असेल तर त्यातील मॉलिब्डेनमचा आकडा समुद्राचा नसून पावसाचा असतो. माझ्या खोक्यातील काप आता त्याच वर्गात गेला होता.

तरीही मी तो फेकला नाही. सुटलेले पापुद्रे ब्रशने झाडल्यावर मधला बोटाच्या पेराएवढा गाभा अजून घट्ट आणि काळा निघाला. तो दिवसभर कोरड्या, उबदार जागी ठेवला आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या फरसाणाच्या दुकानात नेला, कारण चिवडा परदेशी पाठवणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे हवा काढून पिशवी बंद करण्याचे यंत्र आहे. दुकानदाराने तुकडा उलटसुलट करून पाहिला, शिलाजित आहे का असे विचारले, आणि पिशवीचे दहा रुपये घेतले. नवी चिठ्ठी मी या वेळी पिशवीच्या बाहेर चिकटवली आहे.